मेद्नी अल्यूतचा अभ्यास करायचाय? पैसे कोणत्या पुस्तकावर घालावेत

अल्यूत (अलास्काकडच्या अल्यूशियन बेटांवरच्या मूळ रहिवाशांची भाषा) आणि रशियन यांच्या मिश्रणातून झालेल्या मेद्नी अल्यूत भाषेबद्दल कुठेतरी वाचून कुतूहल चाळवलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: यावर वाचायला काय मिळतं? विकत मिळेल असं या भाषेचं स्वतंत्र पाठ्यपुस्तक नाही, स्वतंत्र कोशही नाही. घरात वापरून ही भाषा शिकलेली शेवटची व्यक्ती ऑक्टोबर 2022 मध्ये गेली. म्हणजे आता जे काही आहे ते कागदावर आणि ध्वनिफितींवर. तेही विखुरलेलं, तीन वेगवेगळ्या लिपी-पद्धतींत लिहिलेलं, आणि बऱ्याचदा भलत्याच बोलीचं. म्हणून हे परीक्षण एका पुस्तकाचं नाही, या विषयासाठी लागणाऱ्या सगळ्या फळीचं आहे.

मत आधीच सांगून टाकतो. पैसे मोजकेच असतील तर 'मिश्र भाषा' असं नाव मिरवणाऱ्या जाडजूड ग्रंथांवर ते घालू नका. नॉर्वेचे भाषाशास्त्रज्ञ क्नूत बर्गस्लान्द यांचा अल्यूत कोश घ्या, आणि मेद्नीचं वर्णन एव्गेनी गोलोव्को व निकोलाय वाख्तिन या रशियन भाषाशास्त्रज्ञांच्या 1990च्या शोधलेखातून वाचा. या दोन गोष्टी हाताशी असल्या की बाकीची पुस्तकं ग्रंथालयातून एकेक प्रकरण मागवून भागतं. असं का, ते भाषेचा सांगाडा पाहिल्याशिवाय पटणार नाही, म्हणून आधी तो पाहू.

रशियाच्या अतिपूर्वेकडच्या कामचाट्का द्वीपकल्पाच्या पूर्वेला कमांडर बेटं आहेत. त्यांतली दोन मोठी: बेरिंग बेट आणि मेद्नी, म्हणजे तांब्याचं बेट. 1741 मध्ये विटस बेरिंगची मोहीम इथे येऊन अडकली आणि बेरिंग इथेच वारला, तेव्हा बेटांवर माणूस राहत नव्हता. 1820च्या दशकात रशियन-अमेरिकन कंपनीने सीलच्या कातड्यांच्या धंद्यासाठी अल्यूत कामकऱ्यांना इथे आणून वसवलं. बेरिंग बेटावर मुख्यतः आत्का बेटाकडचे लोक आले, मेद्नीवर मुख्यतः आत्तू बेटाकडचे; आत्का आणि आत्तू ही दोन्ही अल्यूशियन बेटांपैकी. हा फरक लक्षात ठेवा. पुस्तकं निवडताना लोक सगळ्यात जास्त फसतात ते इथेच. कंपनीचे रशियन नोकर आणि अल्यूत स्त्रिया यांच्या मुलांना रशियन साम्राज्यात 'क्रेओल' असा वेगळा कायदेशीर दर्जा होता. मेद्नीची भाषा याच दुभाषी घरांमध्ये घडली असावी, असं बहुतेक अभ्यासक मानतात. 1867 मध्ये रशियाने अलास्का अमेरिकेला विकला, कंपनी गेली, कमांडर बेटं मात्र रशियाकडेच राहिली. 1960च्या दशकाच्या अखेरीस मेद्नीवरचं प्रिओब्राझेन्स्कोये हे गाव बंद करून सगळ्यांना बेरिंग बेटावरच्या निकोल्स्कोयेत हलवलं. ज्या बेटाची ही भाषा, त्या बेटावर तेव्हापासून गाव नाही.

आता सांगाडा. 'बसणे' या अर्थाचा अल्यूत धातू उङुचि. बेरिंग बेटावरच्या अल्यूतमध्ये 'मी बसतो' म्हणजे उङुचि-कु-क़. यातला कु काळाचा, शेवटचा क़ 'मी'चा. मेद्नीत तेच होतं उङुची-यु. धातू अल्यूत, प्रत्यय रशियन. पुढे उङुची-इश, उङुची-इत, उङुची-इम, उङुची-इति, उङुची-युत: तू, तो, आम्ही, तुम्ही, ते. भूतकाळात रशियनचा ल लागतो आणि सर्वनाम पुढे येतं, या उङुची-इल. भविष्यकाळाला रशियनचं बुदू हे सहायक क्रियापद. नकारही रशियन पद्धतीचा, क्रियापदाच्या आधी लागणारा. मूळ अल्यूतमध्ये नकार लाका या प्रत्ययाने क्रियापदाच्या पोटातच बसतो.

या प्रत्ययांकडे जरा बारकाईने पाहा. शाळेतल्या रशियन व्याकरणात क्रियापदांचे दोन गण शिकवतात, एकाच्या रूपात ए येतो, दुसऱ्याच्या रूपात इ. मेद्नीत इ असलेली रूपं आणि शेवटी युत असा एकच संच दिसतो. पुस्तकी नियमाने ही सरमिसळ वाटते. पण बोलीच्या रशियनमध्ये आघात नसलेला ए इ-कडे झुकतो, त्यामुळे पहिल्या गणाची रूपं कानाला अशीच ऐकू येतात. हे प्रत्यय लिखाणातून आलेले नसून ऐकून आलेले असावेत, हे एवढ्या सहा रूपांतूनही कळतं. ज्या पुस्तकात या तक्त्याबरोबर बोलीच्या रशियनचा उल्लेख नाही, ते पुस्तक या भाषेबद्दल वरवरचं आहे असं खुशाल समजा.

आणि रशियनचा वाटा ठळक म्हणावा तो एवढाच. नामं अल्यूत पद्धतीने चालतात: एकवचन, द्विवचन, अनेकवचन, दोन विभक्ती, आणि 'माझं-तुझं' दाखवणारे प्रत्यय. घर म्हणजे उला-ख़, माझं घर उला-ङ. धातूंना जोडून नवे धातू करणारे अल्यूतचे डझनावारी प्रत्यय आहेत, तेही शाबूत आहेत. धातू जवळजवळ सगळे अल्यूत. रशियन शब्द नामांमध्ये बरेच दिसतात, अव्ययांत आणि उभयान्वयी शब्दांत त्याहून जास्त. वाक्यरचनेवर रशियनची छाप आहे. तरी कुठलंही मेद्नी वाक्य उलगडायला बसलात की दहातल्या सात-आठ अडचणी अल्यूतच्या असतात. मिश्र भाषांवरचे ग्रंथ रशियन प्रत्ययांच्या नवलावर पानंच्या पानं खर्च करतात, कारण सिद्धांताला तेच महत्त्वाचं. वाचकाला मात्र तो भाग सगळ्यात सोपा जातो. रशियनची सहा वर्तमानकाळी रूपं, सर्वनामं, ल आणि बुदू, एवढं कुठल्याही प्राथमिक रशियन पुस्तकातून आठवड्याभरात होतं. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियनचे वर्ग असतात. जुन्या सोव्हिएत प्रकाशनांची रशियन पहिली पुस्तकं रद्दीवाल्यांकडे अजून सापडतात आणि या कामाला पुरतात. पैसे घालायचे ते अल्यूतवर.

गोलोव्को आणि वाख्तिन यांचा लेख 'अल्यूट इन कॉन्टॅक्ट: द सीआयए एनिग्मा' या नावाने 'आक्ता लिंग्विस्टिका हाफ्निएन्सिया' या डॅनिश नियतकालिकाच्या बाविसाव्या खंडात आला. तीसेक पानं आहेत. सीआयए म्हणजे कॉपर आयलंड अल्यूत, मेद्नीचंच दुसरं नाव. दोघांनी 1980च्या दशकात निकोल्स्कोयेत जाऊन, भाषा बोलणारी माणसं हयात असताना नोंदी केल्या. म्हणून या लेखातली उदाहरणं पुढच्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात फिरताना दिसतात. आत ध्वनी, नामरूपं, क्रियापदाचे तक्ते, वाक्यरचना, आणि भाषा कशी जन्मली असावी याची चर्चा आहे. सगळ्यात मोलाचं काय, तर बेरिंग अल्यूत, मेद्नी आणि रशियन ही रूपं शेजारी-शेजारी मांडली आहेत, त्यामुळे कुठला तुकडा कुठून आला ते डोळ्यांना दिसतं.

उणीव अशी की हा लेख भाषाशास्त्रज्ञांसाठी लिहिलेला आहे. अल्यूत व्याकरण वाचकाला माहीत आहे असं धरून चालतो. पहिल्यांदा वाचताना जन्मकथेची चर्चा सरळ वगळा. आधी क्रियापदाचे तक्ते हाताने वहीत उतरवा, तेव्हा धातू आणि प्रत्यय यांच्यामध्ये आडवी रेघ ओढत जा. मग नामरूपं. मग वाक्यं. वाक्यांतले धातू कोशात शोधून झाले की शेवटी सिद्धांताकडे या. उलट क्रमाने वाचणाऱ्याला सिद्धांत पाठ होतात आणि एक वाक्यही सोडवता येत नाही. लेख नियतकालिकाच्या संकेतस्थळावर आहे. सुटा विकत घेण्याआधी विद्यापीठाच्या ग्रंथालयातून मिळतो का ते बघावं.

आता मुख्य खरेदी. बर्गस्लान्द यांचा 'अल्यूट डिक्शनरी: उनङम तुनुदगुसी' हा कोश 1994 मध्ये फेअरबँक्सच्या अलास्का नेटिव्ह लँग्वेज सेंटरने काढला. सातशेहून जास्त पानं. अल्यूशियन, प्रिबिलोफ आणि कमांडर बेटं, तिन्हीकडची अल्यूत यात घेतली आहे आणि प्रत्येक शब्दापुढे तो कोणत्या बोलीत, कोणत्या नोंदीत सापडतो याच्या खुणा आहेत. जुन्या रशियन पाद्र्यांनी एकोणिसाव्या शतकात लिहून ठेवलेले शब्दही इथे तपासून घेतलेले आहेत. मागे इंग्रजीवरून अल्यूत शोधण्याची सूची आहे, बेटांवरच्या ठिकाणांची नावं नकाशांसह आहेत. नॉर्वेच्या या भाषाशास्त्रज्ञाने चाळीस-एक वर्षं अल्यूतवर घालवली, आणि ते प्रत्येक पानावर जाणवतं. एखाद्या शब्दाचे चार बोलींतले उच्चार, त्यापासून झालेले साधित शब्द आणि वापराची उदाहरणं एकाच नोंदीत मिळतात. छपाई दाट आहे, अक्षर बारीक आहे, दिवसभर वाचायचं हे पुस्तक नव्हे. पण मेद्नीच्या वाक्यातला अल्यूत तुकडा सुटत नसेल तर उत्तर इथेच मिळण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

कोश वापरायची रीत मात्र कोणी सांगत नाही, आणि तिथेच बरेच जण हात टेकतात. अडचण लिपीची. एकच अल्यूत धातू तीन प्रकारे छापलेला भेटतो. शोधलेखांत ध्वनिलिपी असते, तिथे ङ साठी शेपटी असलेला एन आणि च साठी वर उलटी टोपी असलेला सी. बर्गस्लान्द यांनी अलास्कात रुळलेली रोमन लिपी वापरली आहे: ङ साठी एन-जी ही जोडी, च साठी सी-एच, दीर्घ स्वरासाठी तोच स्वर दोनदा. रशियातली पुस्तकं सिरिलिकमध्ये, आणि त्यात नेहमीच्या रशियनमध्ये नसलेली, आकडा किंवा शेपटी जोडलेली जास्तीची अक्षरं. म्हणून लेखातला उङुचि कोशात शोधायचा तर आधी मागचा रशियन प्रत्यय काढा, मग ङ चा एन-जी करा, च चा सी-एच करा, आणि मग पान उलटा. एन-जी हे अल्यूतमध्ये एकच अक्षर, एकच ध्वनी. त्यात ग नाही. मराठी वाचकाने 'उंगुचि' असं न वाचता ङ चा पूर्ण उच्चार करावा. वर्णमालेत आपण हे अक्षर पाठ करतो पण स्वतंत्रपणे जवळजवळ कधी वापरत नाही. इथे ते शब्दाच्या मध्ये आणि शेवटी सुटं येतं.

दुसरी चूक होते ती क आणि क़, ख आणि ख़ यांच्या घोळामुळे. अल्यूतमध्ये जिभेचा मागचा भाग टाळूला लागून होणारा ध्वनी आणि त्याहून मागे, पडजिभेपाशी होणारा ध्वनी हे वेगळे आहेत. बर्गस्लान्द पहिल्या जागच्या घर्षक (हवा घासत निघणाऱ्या) ध्वनीसाठी साधा एक्स लिहितात, दुसऱ्यासाठी डोक्यावर टोपीसारखी खूण असलेला एक्स. तसंच साधा जी आणि टोपीवाला जी. आंतरजालावरून उतरवलेल्या मजकुरात ही टोपी बहुतेक वेळा गळून पडते. मग दोन वेगळे शब्द एकसारखे दिसतात, किंवा कोशात हवा तो शब्द सापडतच नाही. शब्द सापडला नाही तर कोशाला दोष देण्याआधी टोपी लावून आणि टोपी काढून, दोन्ही प्रकारे शोधा. तसंच स्वर दुप्पट करून बघा. अल्यूतमध्ये मूळ स्वर तीनच आहेत, अ, इ, उ, पण ऱ्हस्व-दीर्घ हा भेद अर्थ बदलतो आणि लेखांच्या छपाईत दीर्घत्वाची खूण बऱ्याचदा निसटते.

तिसरी गोष्ट बोलीच्या खुणांची. मेद्नीचे मूळ रहिवासी आत्तूकडचे, म्हणून कोशात आत्तूची खूण असलेलं रूप आधी पाहावं, आत्काचं नंतर, पूर्वेकडच्या बोलीचं शेवटी. आत्तू बोलीची कथा वेगळीच दुःखद आहे. जून 1942 मध्ये जपानी सैन्याने आत्तू घेतलं आणि तिथल्या गावकऱ्यांना होक्काइदोवरच्या ओतारूला नेलं. जवळपास निम्मी माणसं तिथे दगावली. युद्ध संपल्यावर उरलेल्यांना अमेरिकन सरकारने आत्तूला परत जाऊ दिलं नाही, त्यांतल्या बऱ्याच जणांना आत्काला राहावं लागलं. बर्गस्लान्द यांनी 1950च्या दशकात आत्काला जाऊन नोंदी केल्या तेव्हा त्यांना आत्तूचे बोलणारे भेटले, म्हणून ती बोली या कोशात आली. आत्तू बोली अलास्कात विझत असताना तिचं शब्दधन रशियाच्या बाजूला, मेद्नीच्या मिश्र भाषेत वापरात होतं. मेद्नीकडे फक्त विचित्र मिश्रण म्हणून पाहणारे ही बाजू विसरतात. आत्तूच्या अल्यूतचा विचार करणाऱ्यालाही मेद्नीच्या नोंदी सोडून चालत नाही.

व्याकरणासाठी याच लेखकाचा 'अल्यूट ग्रामर' हा ग्रंथ आहे, 1997चा, याच संस्थेचा. साडेतीनशेच्या आसपास पानं. संदर्भग्रंथ म्हणून याला तोड नाही, पण पहिलं पुस्तक म्हणून घेऊ नका. उदाहरणं भराभर येतात, स्पष्टीकरण काटकसरीचं आहे, आणि कुठल्या पानावरून सुरुवात करावी हे नवख्याला कळत नाही. त्याऐवजी बर्गस्लान्द आणि मोझेस डर्क्स यांचं 1981चं 'आत्कन अल्यूट स्कूल ग्रामर' शोधा. हे शाळेसाठी लिहिलेलं आहे, रूपं पायरीपायरीने येतात. बोली आत्काची असली तरी नामांची घडण समजून घ्यायला अगदी योग्य. नंतर मोठा ग्रंथ उघडा, आणि त्यातही आधी एकच प्रकरण वाचा: वाक्यात न उच्चारलेल्या गोष्टीचा निर्देश अल्यूत कसा करते.

ही गोष्ट नीट कळली तर मेद्नीत नेमकं काय बदललं हे लख्ख दिसतं. अल्यूतमध्ये 'पीटर जॉनला मदत करतो' हे पीत्रा-ख़ इवाना-ख़ किदु-कु-ख़. (नावं मुळात रशियनच, प्योत्र आणि इव्हान. रशियन प्रभाव सगळ्याच अल्यूतवर आहे, मेद्नीवर तो वेगळ्या जागी आहे.) आता जॉनचं नाव न घेता 'पीटर त्याला मदत करतो' म्हणायचं तर वाक्य होतं पीत्रा-म किदु-कू. 'त्याला' असा शब्द कुठेच नाही. पण कर्त्याची विभक्ती बदलली, पीत्रा-ख़ चं पीत्रा-म झालं, आणि क्रियापदाचा शेवटही बदलला. न दिसणाऱ्या कर्माची दखल पूर्ण वाक्याने घेतली. मेद्नीत क्रियापदाचा शेवट रशियनने व्यापल्यावर ही सोय तशी राहूच शकत नाही, म्हणून कर्मासाठी रशियन सर्वनामं आली. एक प्रत्यय बदलला आणि वाक्याची घडी बदलली. हे पाहण्यासाठी बर्गस्लान्द यांचं व्याकरण आणि गोलोव्को-वाख्तिन यांचा लेख शेजारी ठेवून वाचायला हवेत. एकटं कुठलंच पुस्तक हे दाखवत नाही.

इथे एक सावधगिरी. रशियन पुस्तकविक्रेत्यांकडे कमांडर बेटांची अल्यूत म्हणून जे मिळतं ते जवळजवळ सगळं बेरिंग बेटाचं असतं. गोलोव्को, वाख्तिन आणि असिनोव्स्की यांचा 2009चा सेंट पीटर्सबर्गचा ग्रंथ 'याझीक कोमांदोर्स्किख अल्येउतोव' या नावाने शोधात वर येतो. त्याच्या उपशीर्षकातच बेरिंग बेटाची बोली असं स्पष्ट लिहिलं आहे, पण विक्रीच्या याद्यांत उपशीर्षक कापलेलं असतं. गोलोव्को यांचा 1994चा अल्यूत-रशियन शालेय कोशही बेरिंग बोलीचाच. दोन्ही पुस्तकं आपापल्या जागी उत्तम आहेत. 2009चा ग्रंथ तर त्या बोलीसाठी महत्त्वाचाच आहे, कारण ती बोलणारी शेवटची व्यक्तीही 2021 मध्ये गेली. पण ती भाषा आत्काच्या अल्यूतची वंशज, तिची क्रियापदं अल्यूतच राहिली. मेद्नी समजून हे पुस्तक मागवलं आणि उङुची-यु शोधत बसलात तर ते सापडणार नाही. ओळखायची खूण सोपी आहे: क्रियापदाच्या तक्त्यात 'मी'चं रूप कु-क़ ने संपत असेल तर ते बेरिंगचं, यु ने संपत असेल तर मेद्नीचं. विक्रेत्याकडून तक्त्याच्या एका पानाचा फोटो मागवून मगच पैसे भरा.

आता मिश्र भाषांच्या ग्रंथांबद्दल. सारा ग्रे थॉमसन आणि टेरेन्स कॉफमन यांच्या 1988च्या 'लँग्वेज कॉन्टॅक्ट, क्रिओलायझेशन अँड जेनेटिक लिंग्विस्टिक्स' मुळे मेद्नी जगभरच्या भाषाशास्त्र विभागांत पोचली. त्याआधी गेओर्गी मेनोव्श्चिकोव्ह यांनी 1960च्या दशकात रशियनमध्ये तिचं वर्णन केलं होतं, पण ते बाहेर फारसं वाचलं गेलं नाही. 1988च्या ग्रंथात मेद्नीला मोजकी पानं आहेत. पुस्तक मोठं, विचार मोठा, मेद्नीच्या दृष्टीने मात्र आता मागे पडलेलं, कारण गोलोव्को-वाख्तिन यांच्या नोंदी नंतर आल्या. मराठी वाचकाला यात दुसरं एक कारण आहे: सांगलीजवळच्या कुपवाडची चर्चा. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी 1971 मध्ये दाखवलं, की कुपवाडात मराठी, कन्नड आणि उर्दू पिढ्यानपिढ्या शेजारी नांदून त्यांची वाक्यं एकाच साच्यात बसली, शब्दाला शब्द ठेवून भाषांतर होईल इतकी. तिथल्या मराठीत कन्नडच्या वळणाने 'नदी आली'चं 'नदी आलं' होतं. पण शब्द आणि प्रत्यय प्रत्येक भाषेने आपापले राखले. मेद्नीत उलट झालं, भाषेची शिवण थेट क्रियापदाच्या मधोमध पडली. संपर्कात आलेल्या भाषा किती वेगवेगळ्या वाटांनी जातात हे या दोन उदाहरणांइतकं स्पष्ट क्वचितच दिसेल, आणि दोन्ही एका ग्रंथात मिळतात. तरी विकत घेण्यापेक्षा डेक्कन कॉलेजसारख्या भाषाशास्त्राच्या ग्रंथालयात आधी चौकशी करावी.

थॉमसन यांनीच संपादित केलेला 1997चा 'कॉन्टॅक्ट लँग्वेजेस: अ वायडर पर्स्पेक्टिव्ह' हा जॉन बेंजामिन्सचा ग्रंथ. यात मेद्नीवर त्यांचं वीसेक पानांचं प्रकरण आहे. इंग्रजीत सलग, नीट लावलेलं वर्णन हवं असेल तर हेच सगळ्यात वाचनीय. सामग्री त्यांची स्वतःची नाही, रशियन संशोधकांच्या नोंदींवर आधारलेली आहे, हे मनात ठेवून वाचावं. वीस पानांसाठी सबंध महागडा ग्रंथ घेणं परवडणारं नाही. मिचिफ, मीडिया लेंग्वा, माआ या इतर मिश्र भाषाही अभ्यासायच्या असतील तरच घ्या. पीटर बाकर आणि मार्टेन मौस यांच्या 1994च्या संग्रहात गोलोव्को यांचं नऊ पानांचं प्रकरण आहे. थोडक्यात आणि नेमकं. पण हे ॲमस्टरडॅमच्या विद्यापीठीय प्रकाशनाचं पुस्तक सहज हाती लागत नाही. इरिना सेकेरिना यांचा त्याच वर्षीचा लेख 'लँग्वेजेस ऑफ द वर्ल्ड' या नियतकालिकात आहे. रूपांची मांडणी चांगली, आणि गोलोव्को-वाख्तिन यांच्याशी ताडून पाहायला उपयोगी.

भाषा कशी जन्मली यावर दोन लेख पुरेत. वाख्तिन यांचा, ग्रेनोबल आणि व्हेली यांच्या 1998च्या केंब्रिजच्या 'एन्डेंजर्ड लँग्वेजेस' मधला, मेद्नीकडे भाषा पुन्हा जिवंत करण्याचा प्रयत्न म्हणून पाहतो: रशियनकडे गेलेली पिढी अल्यूतकडे परत वळली, पण क्रियापदाची अवघड रूपं तिच्या हाती राहिली नव्हती. गोलोव्को यांचा, मात्रास आणि बाकर यांच्या 2003च्या संग्रहातला, लोकांनी आपली वेगळी ओळख उभी करण्यासाठी जाणूनबुजून भाषा घडवली असावी या बाजूने जातो. आम्हाला गोलोव्कोंची मांडणी जास्त पटते. क्रेओल हा दर्जा कायद्याने वेगळा, कामाने वेगळा, घरांनी वेगळा होता. अशा समाजाला स्वतःचं बोलणं हवं असणं समजण्यासारखं आहे. शिवाय नामाची रूपंही काही कमी अवघड नाहीत. ती शाबूत राहिली आणि क्रियापदाचीच गेली, हे फक्त विसरण्याने नीट उलगडत नाही. दोन्ही लेख एकामागोमाग वाचले तर वाद समजतो. एकच वाचला तर तो निकाल वाटतो.

आवाजाबद्दल. कागदावरून क आणि क़ कधीच पक्के होत नाहीत. फेअरबँक्सच्या अलास्का नेटिव्ह लँग्वेज आर्काइव्हमध्ये अल्यूतच्या जुन्या ध्वनिमुद्रणांचा मोठा साठा आहे, त्यात आत्का आणि आत्तूचं आधी ऐका. मुद्रणाच्या नोंदीत बोलणाऱ्याचं बेट लिहिलेलं असतं, ते बघितल्याशिवाय उतरवून घेऊ नका. ऐकताना एका वेळी एकच गोष्ट धरा: पहिल्या फेरीत फक्त शब्दाच्या शेवटचा ख़, दुसरीत दीर्घ स्वर, तिसरीत ङ. अल्यूतमध्ये मूळचे प आणि ब जवळजवळ नाहीतच, त्यामुळे ओठ मिटून होणारे स्फोट ऐकू आले की तो शब्द बहुधा उसना असतो. आत्तू बोलीत मात्र ब येतो, तेव्हा तिथे हा ठोकताळा लावू नका.

शोधण्याच्या बाबतीत शेवटची सूचना. या भाषेची नावं बरीच आहेत: मेद्नी अल्यूत, मेद्नोव्स्की अल्यूत, कॉपर आयलंड अल्यूत, रोमन लिपीत शेवटी वाय-जे किंवा नुसता वाय. सीआयए या लघुरूपाने शोधलंत तर अमेरिकेच्या हेरखात्याखेरीज काही हाती लागणार नाही. भाषांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला तिचा तीन अक्षरी संकेत एम-यू-डी, अल्यूतचा ए-एल-ई. ग्रंथालयांच्या याद्यांत आणि भाषासूचींत नावाबरोबर हा संकेत टाकून शोधा. काही जुन्या याद्यांत मेद्नीची नोंद अल्यूतच्या पोटात केलेली आहे, तेव्हा दोन्ही संकेत वापरून बघावेत, आणि मिळालेल्या प्रत्येक नोंदीत बेटाचं नाव आधी तपासावं.